ऋत्विक घटक : एका कारागिराची घडण

चित्रपटाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात कथा, अभिनय आणि गीते यांची चर्चा विपुल असते. चित्रांची जुळणी करणारी संकलकाची कात्री आणि चित्रासमवेत वाहणारी ध्वनीची पट्टी यांच्याकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. कवितेतील यती आणि नाटकातील विराम यांवर आपण पानेच्या पाने लिहितो. पडद्यावरील छेद मात्र यंत्रशाळेतील बाब म्हणून सोडून देतो. हा समज किती अपुरा आहे याची साक्ष ज्या थोड्या भारतीय कलावंतांच्या आयुष्यातून मिळते, त्यांत ऋत्विक घटक हे अग्रगण्य होत. घटक कोणत्याही चित्रपटविद्यालयात शिकले नाहीत. नाटकाच्या तालमी, चहाच्या दुकानातील वादविवाद, परदेशी ग्रंथांचे वाचन आणि स्वतःच्या चुका एवढीच त्यांची पाठशाळा. पुढे हीच विद्या त्यांनी पुण्यास काही महिने शिकवली आणि तेथून हिंदी व मल्याळम चित्रपटांत एक नवी पिढी उभी राहिली. शिकणे आणि शिकवणे या दोन बाजूंनी त्यांचे चरित्र पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

घटक यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२५ रोजी ढाक्यास झाला. वडील सुरेशचंद्र हे जिल्हा दंडाधिकारी. बदलीच्या नोकरीमुळे कुटुंबाने पूर्व बंगालची अनेक गावे पाहिली. ऋत्विक आणि त्यांची बहीण प्रतीती ही जुळी भावंडे घरात सर्वांत धाकटी. थोरले बंधू मनीश घटक हे ‘कल्लोल’ काळातील नावाजलेले लेखक. महाश्वेतादेवी या त्यांच्या कन्या. दुसरे बंधू सुधीश हे इंग्लंडमध्ये छायाचित्रणाचे काम करून परतले आणि कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये रुजू झाले. त्यामुळे चित्रपट ही वस्तू कोणीतरी हातांनी बनवते, हे या मुलाला लहानपणीच ठाऊक झाले. साहित्य आणि यंत्र या दोहोंचा वास एकाच घरात होता.

बालपणीचे दुसरे देणे नदीचे. पद्मेच्या काठी वाढलेल्या मुलाच्या कानांवर नावाड्यांची गाणी, लग्नातील बायकांची गाणी, जात्रेतील आरोळ्या आणि पावसाळी पाण्याचा घोष सतत पडत होता. हा साठा पुढे त्यांच्या फार उपयोगी पडला. तथापि त्या वेळी तो साठा आहे याचे भान येण्याचे कारण नव्हते. ते भान आले ते तो हरवल्यानंतर. १९४३ च्या दुष्काळात अन्नासाठी रस्त्यांवर मरणारी माणसे त्यांनी पाहिली आणि १९४७ साली देशाची फाळणी झाली. ज्या भूमीचे आवाज कानांत होते ती भूमी परराष्ट्र झाली. घटक यांच्या पुढील सर्व कलाव्यवहाराचे मूळ या एका घटनेत आहे, हे त्यांच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. आपल्याला येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, ज्याच्या वाट्याला आयुष्यात एवढा मोठा छेद आला, त्याला पडद्यावरील छेद ही केवळ सोयीची गोष्ट वाटणे शक्य नव्हते.

राजशाही आणि बहरामपूर येथे त्यांचे शिक्षण झाले. १९४८ साली ते पदवीधर झाले आणि कलकत्ता विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या एम. ए. च्या वर्गात दाखल झाले. पण परीक्षा दिली नाही. प्रथम त्यांनी कथा लिहिल्या. कथा वाचणारे थोडे, नाटक पाहणारे अधिक, या हिशेबाने ते भारतीय जननाट्य संघाकडे, म्हणजे ‘इप्टा’कडे वळले. तेथे ते नट होते, नाटककार होते, दिग्दर्शक होते. निर्वासितांच्या जीवनावरील त्यांच्या ‘दलिल’ या नाटकाचा १९५३ साली मुंबईस भरलेल्या संघाच्या अखिल भारतीय संमेलनात गौरव झाला. मग, नाटकापेक्षाही अधिक माणसांपर्यंत पोहोचावे म्हणून, ते चित्रपटाकडे आले. माध्यमाच्या प्रेमाने आपण चित्रपटात आलो नाही, अधिक परिणामकारक माध्यम सापडले तर हेही सोडून देऊ, अशा आशयाचे उद्गार त्यांनी पुढे अनेकदा काढले. ज्याने हे म्हटले त्यानेच या माध्यमाच्या दोन सूक्ष्म अंगांचा इतका ध्यास घ्यावा, ही विसंगती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चित्रपटविद्येचे त्यांचे शिक्षण कसे झाले? दक्षिण कलकत्त्यातील पॅराडाइज कॅफे नावाच्या एका लहानशा चहाच्या दुकानात त्या काळी काही तरुण नित्य जमत. मृणाल सेन, सलिल चौधुरी, हृषीकेश मुखर्जी, तापस सेन आणि घटक ही त्यांतील नावे. यांतील हृषीकेश मुखर्जी संकलनाचे काम करीत, सलिल चौधुरी संगीतरचना करीत, तापस सेन रंगमंचावरील प्रकाशयोजना करीत. म्हणजे चित्रपटाची बहुतेक अंगे एका टेबलाभोवती बसलेली होती. या मंडळींनी आयझेन्स्टाइन आणि पुडोव्हकिन या रशियन दिग्दर्शकांचे ग्रंथ मिळेल तेथून मिळवून वाचले. पुडोव्हकिन स्वतः १९५१ च्या सुमारास भारतात येऊन गेले, त्याचाही परिणाम बंगालमधील तरुणांवर झाला.

या वाचनातून जे मिळाले त्याचे स्वरूप थोडक्यात पाहिले पाहिजे. दोन चित्रखंड एकापुढे एक ठेवले की त्या दोहोंत वेगवेगळा नसलेला असा एक तिसरा अर्थ निर्माण होतो, हे रशियन संकलनविचाराचे बीज. पुडोव्हकिन यांचा भर खंडांच्या सांधणीवर, तर आयझेन्स्टाइन यांचा त्यांच्या संघर्षावर होता. १९२८ साली या दोघांनी अलेक्झांद्रोव्ह यांच्यासह ध्वनीविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले होते. बोलपट नुकता येऊ घातला होता. पडद्यावर जे दिसते त्याचाच आवाज ऐकवत राहिलो तर चित्रपट हे छायाचित्रित नाटक होऊन बसेल. ध्वनीने चित्राच्या मागे न चालता त्याच्याशी प्रतियोगाने वागावे, असा त्यांचा इशारा होता. रशियात या विचाराला फारसे रान मिळाले नाही. तीन दशकांनंतर तो एका बंगाली निर्वासिताच्या हाती फळास आला, हा तौलनिक अभ्यासकाला विचारप्रवृत्त करणारा योग आहे.

ग्रंथांच्या जोडीला हातचे काम होते. निमाई घोष यांच्या ‘छिन्नमूल’ या निर्वासितांवरील चित्रपटात घटक यांनी भूमिका केली आणि साहाय्यक म्हणूनही काम पाहिले. १९५२ च्या सुमारास त्यांनी ‘नागरिक’ हा स्वतःचा पहिला चित्रपट पुरा केला. तो प्रदर्शित झाला १९७७ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. होतकरू कलावंताची पहिली कृती पंचवीस वर्षे डब्यात पडून राहावी, यासारखा दैवदुर्विलास नाही. प्रेक्षकांच्या प्रतिसादातून शिकण्याची संधी त्यांना प्रारंभीच नाकारली गेली. परंतु संकलनाच्या मेजावर जे शिकावयाचे ते शिकून झाले होते. ‘नागरिक’चे संकलक रमेश जोशी हे पुढे त्यांच्या बहुतेक महत्त्वाच्या चित्रपटांत सोबत राहिले. अशी दीर्घ सोबत हेही एक शिक्षणच असते.

त्या काळच्या कामाची पद्धत ठाऊक असल्याशिवाय या शिक्षणाचे मोल कळणार नाही. चित्राची फीत वेगळी आणि ध्वनीची वेगळी. दोन्ही मूव्हिओलावर शेजारी-शेजारी धावत. संकलक फीत प्रत्यक्ष हातात घेई, खूण करी, कापी आणि सांधी. एका सेकंदात चोवीस चौकटी. त्यांतील चार-सहा चौकटी इकडे-तिकडे झाल्या की प्रसंगाचा श्वास बदले. कापलेले पुन्हा जोडता येई, पण प्रत्येक सांध्याचा व्रण फितीवर राही. शेवटी संवाद, संगीत आणि इतर आवाज यांच्या निरनिराळ्या पट्ट्या एकत्र मिसळून अंतिम ध्वनिपट्टी तयार होई. या मिश्रणात एखादा आवाज वर आणावा की खाली दाबावा, हा निर्णय तंत्रज्ञाचा मानला जाई. घटक यांनी तो दिग्दर्शकाचा, किंबहुना कवीचा निर्णय मानला.

मधल्या काळात ते मुंबईस येऊन गेले. फिल्मिस्तानमध्ये पटकथालेखक म्हणून त्यांनी काही काळ काढला. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘मुसाफिर’चे (१९५७) आणि बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’चे (१९५८) लेखन या दिवसांशी निगडित आहे. ‘मधुमती’ला अफाट लोकप्रियता लाभली, त्या वाटेने गेले असते तर सुखाने जगते. परंतु ठरावीक साच्यात लिहिणे त्यांना मानवले नाही आणि ते कलकत्त्यास परतले.

१९५८ साली आलेल्या ‘अजांत्रिक’ या चित्रपटात त्यांची ध्वनिविद्या प्रथम स्वतंत्रपणे प्रकट झाली. सुबोध घोष यांच्या कथेवरील हा चित्रपट छोटा नागपूरच्या पठारावर घडतो. बिमल हा एकलकोंडा टॅक्सीचालक आणि जगद्दल ही त्याची खिळखिळी, जुनाट मोटार यांचे हे प्रेमाख्यान होय. मोटार बोलू शकत नाही. तिला वाचा द्यावयाची तर ती ध्वनीतूनच. तापलेल्या यंत्रात पाणी ओतले की तहानलेला जीव घटाघटा पाणी प्यावा तसा आवाज येतो. ती कण्हते, रुसते, कुरकुरते. या युक्तीत विनोद आहे. पण हळूहळू विनोद मावळतो आणि प्रेक्षक त्या धातूच्या सांगाड्याविषयी हळवा होतो. अखेरीस मोटार भंगारात जाते. तिचा भोंगा एका लहान मुलाच्या हाती लागतो आणि तो वाजवीत बसतो. तो आवाज ऐकून बिमलच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही संवादाने साधले नसते. या चित्रपटात उराँव आदिवासींची नृत्ये आणि वाद्ये यांनाही मोठे स्थान आहे. घटक यांनी त्यापूर्वी त्या प्रदेशात माहितीपटांचे काम केले होते. तेथे त्यांचे कान तयार झाले होते. १९५९ साली ‘अजांत्रिक’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. स्वदेशी मात्र तो चालला नाही.

१९६० साली ‘मेघे ढाका तारा’ आला. घटक यांना व्यावसायिक यश म्हणण्याजोगे जे काही लाभले ते याच चित्रपटाने. निर्वासित कुटुंबाचा भार वाहणारी नीता, तिच्या पगारावर जगणारी घरची माणसे, तिची धाकटी बहीण आणि तिचा प्रियकर यांची ही कथा वर्णनात साधी, जवळजवळ नेहमीची वाटते. तिला असाधारण केले ते ध्वनीने. नीता व सनत बोलत असताना आगगाडी जाते आणि त्यांचे बोलणे पुसून टाकते. मुलीचे लग्न झाले तर घर कसे चालेल, या चिंतेने कान देणारी आई दिसते तेव्हा चुलीवर काहीतरी शिजत असल्याची खदखद ऐकू येते आणि ती खदखद चुलीपेक्षा आईच्या मनातली अधिक वाटते. सनतच्या बिऱ्हाडी आपलीच बहीण आहे हे उमगून नीता जिना उतरू लागते. तेव्हा आसूड कडाडल्याचा आवाज येतो. पडद्यावर आसूड नाही, मारणाराही नाही. पुढे एका रात्री नीता भाऊ शंकरसमवेत रवींद्रनाथांचे गीत गाते, आणि गीताच्या अखेरीस तोच आसूड पुन्हा ऐकू येतो. आता मात्र प्रेक्षकाला कारण सांगावे लागत नाही. पहिल्यांदा जो आवाज आघात म्हणून आला, तो दुसऱ्यांदा स्मरण म्हणून येतो.

या योजनेवर तेव्हा टीका झाली. हा आवाज कृत्रिम आहे, भडक आहे, वास्तवाच्या चौकटीत बसत नाही, असे आक्षेप घेतले गेले. आक्षेप खोटा नाही. घटक यांना ती चौकट मान्यच नव्हती. जात्रा आणि महाकाव्य यांच्या परंपरेत वाढलेल्या मनाला अतिशयोक्ती हे वैगुण्य वाटत नाही. शिवाय हा आवाज उगाच आलेला नाही. शंकरचा अभिजात संगीताचा रियाज, पक्षी, गाडी, चूल अशा ओळखीच्या आवाजांच्या दाट विणीत तो एकटाच अनोळखी आहे, म्हणून तो लागतो. शिलाँगच्या डोंगरांतील रुग्णालयात क्षयाने खंगलेली नीता भावापाशी जगण्याची इच्छा आक्रोशून सांगते आणि कॅमेरा चहूकडच्या डोंगरांवरून फिरत असता तो आक्रोश घुमत राहतो. तिचा देह चौकटीतून गेला आहे, आवाज उरला आहे. ध्वनी चित्राचा अनुचर नसतो, हे १९२८ चे सूत्र येथे पुरतेपणी सिद्ध झाले.

‘कोमल गांधार’ (१९६१) मध्ये त्यांनी संकलनाला याच कसोटीवर उतरवले. दोन नाट्यमंडळांतील फुटीची ही कथा बंगालच्या फुटीवर बोलते. भृगू आणि अनसूया पद्मेच्या काठी उभी आहेत. पलीकडे त्यांचे हरवलेले घर आहे. एके काळी दोन बंगालांना जोडणारा रूळमार्ग आता मध्येच संपतो. कॅमेरा त्या रुळांवरून वाढत्या वेगाने धावत जातो, नावाड्यांच्या धाव्याचा घोष चढत जातो, रुळांच्या शेवटी घातलेला अडसर समोर येतो आणि पडदा काळा होतो. येथे छेद हाच आशय आहे. फाळणी म्हणजे काय ते त्या काळ्या क्षणात कळते. याच चित्रपटात विवाहप्रसंगीची लोकगीते पुनःपुन्हा येतात आणि तुटलेले सांधण्याची आस जागवतात. संगीतातील एका स्वराचे नाव चित्रपटाला देणाऱ्या दिग्दर्शकाने रचनाही स्वरांच्या न्यायाने केली. निर्मितीही त्यांचीच असल्याने चित्रपटाच्या अपयशाचा सगळा भार त्यांच्यावर पडला. आर्थिक ओढाताण आणि मद्यासक्ती यांनी येथून त्यांचा पिच्छा पुरवला. १९६२ साली पुरा झालेला ‘सुवर्णरेखा’ प्रदर्शित व्हावयास १९६५ साल उजाडले.

अशा पडत्या काळात ते पुण्यास आले. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीच्या जागेत १९६० साली सरकारने चित्रपटसंस्था स्थापली होती. मराठी वाचकाला या वास्तूचे विशेष महत्त्व वाटेल. बोलपटाच्या आरंभी विष्णुपंत दामले यांनी ध्वनिमुद्रणाची विद्या कोणत्याही शाळेविना, यंत्र उकलीत आणि चुका करीत आत्मसात केली ती याच कंपनीत. शाळेविना शिकलेल्यांच्या अंगणात शाळा निघाली, आणि १९६५ च्या सुमारास शाळेविनाच शिकलेले घटक तेथे अध्यापक व उपप्राचार्य झाले. त्यांचा तेथील काळ थोड्या महिन्यांचाच. पण आपल्या आयुष्यातील सुखाच्या दिवसांत ते त्याची गणना करीत.

विद्यार्थी त्यांना ऋत्विकदा म्हणत. मणी कौल, कुमार शाहानी, जॉन अब्राहम ही त्यांतील पुढे गाजलेली नावे. वर्ग घंटेच्या हिशेबाने चालत नसे. झाडाखालच्या गप्पाही अध्यापनच होत्या. त्यांच्या शिकवण्याचा गाभा कोणता, हे त्यांच्या लेखनावरूनही कळते. ध्वनीविषयीच्या एका लेखात त्यांनी त्याची पाच अंगे मानली आहेत : उच्चारित शब्द, संगीत, प्रसंगातील स्वाभाविक आवाज, परिणामासाठी योजलेला आवाज आणि शांतता. शांततेला आवाजांच्या पंगतीत बसवणे हे या मांडणीचे मर्म होय. आवाज नसणे आणि शांतता योजणे यांतील भेद ज्याला कळला, त्याला निम्मी विद्या आली असे म्हणावयास हरकत नाही. यंत्र कोणते बटण दाबल्यावर चालते हे इतरही शिकवीत. ते का दाबावयाचे याचे उत्तर महाभारतात, लोकगीतात, रागसंगीतात आणि आपल्या काळाच्या दुःखात शोधावे लागेल, हे ऋत्विकदांनी शिकवले.

शिष्यांनी गुरूचे अनुकरण केले नाही, ही त्यांच्या अध्यापनाची खरी पावती. मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’त (१९७०) घटक यांचा आवेग नाही, तेथे संथ, अलिप्त विलंबित आहे. कुमार शाहानी यांचा ‘माया दर्पण’ (१९७२) रंग आणि लय यांच्या वेगळ्याच वाटेने गेला. जॉन अब्राहम यांनी ‘अम्मा अरियान’मध्ये (१९८६) लोकांच्या वर्गणीतून चित्रपट उभा करून दाखवला. तिघांच्या कृती एकमेकींशी जुळत नाहीत. जुळते ते एवढेच की, तिघांनीही छेद आणि ध्वनी यांना विचाराचे स्थान दिले.

पुण्याहून परतल्यावर घटक यांची प्रकृती ढासळत गेली. १९६९ साली ते मनोरुग्णालयात होते. तेथेही त्यांनी नाटक लिहून रुग्णांकडून बसवून घेतले. १९७० साली त्यांना पद्मश्री मिळाली. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी तेथे जाऊन अद्वैत मल्लबर्मन यांच्या कादंबरीवर ‘तिताश एकटि नदीर नाम’ (१९७३) केला. पहिल्या रात्री नवपरिणित वधूवरांच्या श्वासांचा आवाज या चित्रपटात इतका वर आणला आहे की, बाकीचे जग त्यात बुडून जाते. हरवलेल्या नदीकाठी परतलेल्या कलावंताला तेथेच क्षयाने गाठले. ‘जुक्ति तक्को आर गप्पो’ (१९७४) या शेवटच्या चित्रपटात त्यांनी स्वतःच मद्यात बुडालेल्या एका विचारवंताची भूमिका केली आणि आपल्या पिढीच्या अपयशाचा जाब स्वतःलाच विचारला. ६ फेब्रुवारी १९७६ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

पूर्ण लांबीचे अवघे आठ चित्रपट, आणि त्यांच्याहून अधिक अपुऱ्या राहिलेल्या योजना, असा हा संसार. त्यांच्या कृतींत ओबडधोबड जागा आहेत, योगायोगांचा अतिरेक आहे, काही सांधे उघडे पडले आहेत. त्यांच्यावरील प्रेमापोटी हे झाकण्याचे कारण नाही. स्वतःच्या शरीराची आणि कुटुंबाची त्यांनी केलेली हेळसांडही कलेच्या नावाखाली गौरवण्याजोगी नव्हे. परंतु कारागिरी कशी शिकावी, या प्रश्नाला त्यांच्या आयुष्याने दिलेले उत्तर आजही विचारात घ्यावे लागते. १९७६ नंतर फीत गेली, कात्री गेली, मूव्हिओलाही गेला. आता कितीही वेळा कापले तरी व्रण उरत नाही आणि हवे तितके आवाज एकावर एक रचता येतात. साधने सुलभ झाली म्हणजे विद्या सुलभ होते, असे मात्र नाही. कोठे कापावे हे साधन सांगत नाही; ज्याला काहीतरी तुटल्याचे दुःख ठाऊक आहे, त्यालाच ते उमगते. आसूड कोणत्या क्षणी कडाडावा हे घटक यांना कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. पुस्तके त्यांनी पुष्कळ वाचली. पण पद्मेकाठी ऐकलेले आणि पुढे हरवलेले आवाज त्यांच्या कानांत नसते, तर त्या पुस्तकांचा त्यांना फारसा उपयोग झाला नसता.